जाळी आणि बोळा

मामांची सगळी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं, मृत्युपत्रं हेच त्यांचं आयुष्यभराचं वाचन. ताई कायद्याच्या इंग्रजी कागदांची मराठी भाषांतरं करते आणि शब्दकोश कादंबरीसारखे चवीनं वाचते. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, एकमेकांच्या मतांवर मुळीच नाही. मामांना कुठल्याशा अर्जाला कॅन्सल चेक जोडायचा होता. पट्टी लावून त्यांनी चेकवर दोन तिरक्या रेघा ओढल्या, मध्ये ठळक अक्षरांत ‘कॅन्सल्ड’ लिहिलं आणि ताईला विषय मिळाला. पुढचं बोलणं जसं झालं तसं देतो. चहा, दारावरची बेल आणि माझे बरेचसे शेरे वगळले आहेत.

ताई: मामा, हा शब्द जन्मला तेव्हा त्याचा जो अर्थ होता, तो तुम्ही आत्ता हातानं करून दाखवलात.

मामा: मी एक चेक वाया घालवला. त्यात अर्थ कसला आलाय?

ताई: लॅटिनमध्ये ‘कांकेल्ली’ म्हणजे जाळी, गजांचा कठडा. त्यावरून ‘कांकेल्लारे’, म्हणजे जाळीसारखं करणं. लिहिलेला मजकूर बाद करायचा झाला की लेखनिक त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढायचे. अक्षरांवर जाळी उभी राहायची. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला चौदाव्या शतकाच्या अखेरीला, आणि तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता: रेघा मारून खोडणं. करार रद्द, देणं रद्द, हे अर्थ पुढच्या शतकातले.

मामा: बरं.

ताई: आणि गोतावळा बघा. रोमन न्यायालयात अशा कठड्यापाशी एक माणूस उभा असायचा, आत कुणाला सोडायचं ते बघणारा. तो ‘कांकेल्लारियस’. त्याचा पुढे कारकून झाला, कारकुनाचा सचिव झाला, सचिवाचा चॅन्सेलर झाला. इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर, जर्मनीचा चॅन्सेलर, आपल्या विद्यापीठांचे चॅन्सेलर म्हणजे राज्यपाल, सगळे त्या दारवानाचे वंशज. चर्चमध्ये वेदीकडचा भाग जाळीनं वेगळा काढत, त्याला चॅन्सल म्हणतात. आणि तुमच्या खुब्यात डॉक्टरांनी जे स्क्रू बसवलेत ना, त्यांचं नाव काय होतं?

मामा: डिस्चार्ज कार्डावर ‘कॅन्सेलस स्क्रू’ लिहिलं होतं. ते वाचून माझी झोप उडाली होती. वाटलं, कॅन्सर लपवून ठेवलाय.

ताई: हाडाच्या आतला भाग जाळीदार, सच्छिद्र असतो. तो कॅन्सेलस. रोगाचं नाव खेकड्यावरून आलं. ते घराणं वेगळं. जाळीच्या शब्दाचा धागा कोशकार ‘कार्केर’कडे नेतात, म्हणजे तुरुंगाकडे.

मामा: झालं तुझं? मग आता राज्यपालांना दारवान म्हणून हाक मारायची का? शब्दाचं मूळ गोत्रासारखं असतं. लग्न जमवताना विचारतात, पुढचा संसार काही गोत्रावर चालत नाही. आपला ‘रद्द’ घे. अरबीत त्याचा अर्थ परत पाठवणं. आपण त्याची रद्दी केली आणि किलोच्या भावानं विकली. रद्दीवाला घेऊन गेला की काय परत येतं?

ताई: गोत्राचं मान्य. पण या शब्दाचं मूळ अजून जिवंत आहे, या टेबलावर. अर्जदारांकडून कॅन्सल चेक का मागतात? वाचता येतो म्हणून. नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, खालची एमआयसीआरची ओळ. तुम्ही तो फाडून जोडला असता, पांढरी शाई फासून जोडला असता, तर परत आला असता. रेघांनी त्याची पैसे काढण्याची ताकद गेली, माहिती जागेवर राहिली. जाळीतून पलीकडचं दिसतं, पलीकडे जाता येत नाही.

मामांनी चेक उचलून पुन्हा एकदा पाहिला. वादात हरत असले की ते समोरच्याला दुजोरा देतात आणि दुजोऱ्यातच विषय आपल्या कार्यालयात ओढून नेतात.

मामा: हे आमच्याकडेही आहे. पावतीवर रेव्हेन्यू तिकीट चिकटवून त्यावरून सही करतात. लोकांना वाटतं, तिकिटावर सही केली की पावती पक्की. १८९९ च्या मुद्रांक कायद्याचं कलम १२ वाच. चिकट मुद्रांक लावणाऱ्यानं तो रद्द करायचा, पुन्हा वापरता येणार नाही असा. त्यावर किंवा त्यावरून आडवं नाव नाहीतर आद्याक्षरं लिहायची आणि तारीख टाकायची, किंवा दुसऱ्या कुठल्याही परिणामकारक रीतीनं मारायचा. तसं केलं नाही तर तिकीट लावलंच नाही असं धरतात. म्हणजे ती सही तिकीट जिवंत करत नाही, मारते. मारल्यावरच त्याचा उपयोग.

ताई: बघा!

मामा: आणि कोर्ट फी स्टॅम्प? १८७० चा कोर्ट फी कायदा, कलम ३०. दस्तऐवज दाखल करून घेताना अधिकाऱ्यानं स्टॅम्पवरचं चित्रातलं डोकं पंच करून उडवायचं, पण किमतीचा आकडा शाबूत ठेवायचा. आणि उडवलेला तुकडा जाळून किंवा अन्य प्रकारे नष्ट करायचा. तेव्हा डोकं राणी व्हिक्टोरियाचं. तिच्याच सरकारचा कायदा सांगतो, राणीचं डोकं उडवा, आकड्याला धक्का लावू नका.

(हे कलम मी नंतर काढून वाचलं. खरंच तसं आहे. त्या मसुदाकाराला आपण काय लिहितोय याची जाणीव असेल असं वाटत नाही, पण साम्राज्याच्या हिशोबीपणाबद्दल इतकं नेमकं वाक्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही.)

ताई: राणीच्या डोक्यावरून आठवलं. जगातलं पहिलं टपाल तिकीट, १८४० चं पेनी ब्लॅक. काळं तिकीट आणि त्यावर रद्द करण्यासाठी लाल शाईचा माल्टीज क्रॉस. लोक ती लाल शाई पुसून तिकीट पुन्हा वापरायला लागले. पुढच्याच वर्षी टपालखात्यानं उलटं केलं, तिकीट लाल आणि शिक्का काळा. खूण अशी हवी की खालचं दिसलं पाहिजे आणि वरचं निघता कामा नये. मला तर वाटतं कॅन्सल या शब्दाची सगळी कथा यात आली.

मामा: सगळी नाही आली. मला सांग, मृत्युपत्रावर तुझी जाळी चालते का?

ताई: (जरा थांबून) नाही.

मामा: का नाही?

ताई: चालायची. इंग्लंडच्या १६७७ च्या स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्समध्ये मृत्युपत्र बाद करायचे जे मार्ग दिले होते त्यांत जाळणं, फाडणं, पुसून काढणं यांच्या जोडीला ‘कॅन्सल’ करणंही होतं. १८३७ च्या विल्स ॲक्टमध्ये तो शब्द गाळला. जाळणं, फाडणं किंवा अन्य प्रकारे नष्ट करणं, एवढंच राहिलं.

मामा: तेच आपल्या १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यात आलं, कलम ७०. आता तो स्वयंपाकघराचा खटला यालाही सांग. मागे एकदा सांगितला होतास.

ताई: ‘चीज विरुद्ध लव्हजॉय’, १८७७. एका गृहस्थानं आपल्या मृत्युपत्रातल्या काही ओळींवरून पेन ओढलं, पाठीमागे लिहिलं की हे सगळं मागे घेतलं आहे, आणि कागद खोलीच्या कोपऱ्यात रद्दीच्या ढिगाऱ्यात फेकला. मोलकरणीनं तो उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. सात-आठ वर्षं तो तिथेच इकडून तिकडे होत राहिला. गृहस्थ वारले तेव्हा धडधाकट सापडला. कोर्टानं मृत्युपत्र कायम धरलं. त्याचा इरादा होता यात शंका नाही, पण कागद नष्ट झाला नव्हता. न्यायाधीश म्हणाले, नुसतं नष्ट करून भागत नाही आणि नुसत्या इराद्यानंही भागत नाही, दोन्ही एकत्र लागतात.

मामा: पाठीमागे लिहिलं तिथे दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या तर तेवढ्यानं काम झालं असतं. एवढा एक गृहस्थ, आणि शेजारची दोन माणसं बोलावली नाहीत! पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की माणसाच्या मनातून गोष्ट गेली, त्यानं रेघ मारली, फेकून दिली, तरी वाचता येते म्हणून ती जिवंत. तुला ज्याचं कौतुक, ते खालचं दिसणं, तेच त्याच्या गळ्यात आलं. कधी कधी बोळाच फिरवावा लागतो. पाटीवर फिरवतात तसा. ओल्या फडक्याचा.

ताई: बोळा फिरवला म्हणजे झालं असंही नाही. रोममध्ये इसवी सन १६६ साली सम्राट मार्कस ऑरेलियससमोर एक मृत्युपत्र आलं. करणाऱ्यानं नंतर मन बदलून वारसांची नावं पुसून टाकली होती. सरकारी खजिना म्हणाला, वारस नाहीत, तेव्हा मालमत्ता आमची. मृत्युपत्रात इतरांना लहानमोठ्या देणग्या होत्या, त्या नावांना हात लावला नव्हता. सम्राटानं ठरवलं, देणग्या टिकतात, अधिक माणुसकीचा अर्थ घ्यायचा. आणखी एक होतं. एका गुलामाला मुक्त करावं असं आधी लिहिलं होतं आणि तेही पुसलं होतं. सम्राट म्हणाला, तरीही तो मुक्त. मार्सेलस नावाच्या विधिज्ञानं हे नोंदवलं आहे, जस्टिनियनच्या ग्रंथात ते सापडतं.

मामा: पुसलेलं असून?

ताई: पुसलेलं असून. स्वातंत्र्याच्या बाजूनं झुकतं माप.

मामा: हा राजा बरा होता.

(इथे काही क्षण दोघंही एकाच बाजूला होते. मला वाटलं, संपलं. पण मामांना आपला बोळा सोडवेना.)

मामा: तू लॅटिनमध्ये फिरून आलीस, आता घरात ये. आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांचं चुकलं की ते काय करायचे? रेघ नाही मारायचे. हरताळ लावायचे. पिवळा, विषारी खनिज. पोथीचा कागद त्याच हरताळानं पिवळसर केलेला असायचा, कीड लागू नये म्हणून. त्याच पिवळ्याचा लेप चुकलेल्या अक्षरावर दिला की अक्षर कागदाच्या रंगात मिसळून जायचं आणि त्यावर नवं लिहिता यायचं. त्यावरून ‘हरताळ फासणे’. आपल्या माणसांनी जाळी नाही निवडली, लेप निवडला.

ताई: पण तो लेप कुठे कुठे उडतो आणि खालचं अक्षर डोकावतं. अभ्यासक ते वाचतात.

मामा: लिहिणाऱ्याची ती इच्छा नव्हती. आणि मघाच्या तुझ्या गोत्राचं उत्तरही यात आहे. हरताळ फासणं ही दुरुस्ती होती, चांगलं काम. आज वर्तमानपत्र लिहितं, ‘नियमांना हरताळ फासला’. दुरुस्तीची पायमल्ली झाली की नाही? मूळ अर्थ धरून बसलीस तर ते वाक्य असं वाचावं लागेल की कुणीतरी नियम व्यवस्थित सुधारले.

ताई हसली. हे उत्तर तिच्याकडे तयार नव्हतं. बंदच्या अर्थाचा हरताळ दुकानाच्या कुलपावरून आलेला वेगळा शब्द आहे, एवढं सांगून तिनं थोडा वेळ काढला. मग तिनं मुद्दा बदलला, किंवा माझ्या मते ज्या मुद्द्याकडे तिला पहिल्यापासून यायचं होतं तिथे ती आली.

ताई: मला शब्दाच्या कुळाची एवढी काळजी का, ते सांगते. आता माणसं कॅन्सल करतात. नट, लेखक, विनोद करणारे, प्राध्यापक. कुणी काही बोललं, केलं, की लोक म्हणतात, हा कॅन्सल. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी कोशानं २०१९ चा शब्द म्हणून ‘कॅन्सल कल्चर’ निवडला.

मामा: माणूस कॅन्सल करायची कल्पना आली कुठून?

ताई: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून. १९८१ मध्ये शीक नावाच्या बँडचं एक गाणं आलं, नाईल रॉजर्सचं. त्यात प्रेमच कॅन्सल केलंय, टीव्हीवरची मालिका बंद करतात तसं. १९९१ मध्ये ‘न्यू जॅक सिटी’ या चित्रपटातला गुंड बाईला कॅन्सल करतो. पुढे ट्विटरवर तो शब्द सुरुवातीला थट्टेनं वापरायचे, नंतर गंभीरपणे.

मामा: म्हणजे मालिका बंद केली, एवढंच. मी नाही पाहणार, माझे पैसे नाही देणार. त्यात वाईट काय? आपल्याकडे वाळीत टाकायचे त्यापेक्षा हे सौम्यच.

ताई: वाळीत टाकणं म्हणू नका. ते जातपंचायतीचं काम, त्यात पाणवठा, लग्नं, अंत्यविधी तुटायचे. म्हणून तर महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. माझी तक्रार वेगळी आहे. कॅन्सल म्हणतात आणि करतात मात्र बोळा फिरवणं. माणसाचं जुनं कामही दाखवायचं नाही, नाव घ्यायचं नाही, फोटो काढून टाकायचा. खऱ्या अर्थानं कॅन्सल करा की! त्याच्या कामावर रेघ मारा, शेजारी कारण लिहा, खालचं वाचू द्या. वाचणारा ठरवेल. तुमच्या कोर्ट फी स्टॅम्पसारखं, डोकं उडवा, आकडा ठेवा.

मामा: आणि सही?

ताई: कसली सही?

मामा: आमच्याकडे दस्तात खाडाखोड असेल तर नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतो. १९०८ चा नोंदणी कायदा, कलम २०. खोडलेल्या जागी, ओळींच्या मध्ये लिहिलेल्या जागी, दस्त करून देणाऱ्यांनी सह्या किंवा आद्याक्षरं करायची, की हे आम्ही केलंय. रेघ कुणीही मारेल. सही असेल तर ती कुणाची हे कळतं, त्याला विचारता येतं. तुझे ट्विटरवाले सही करतात का?

ताई: नाही. हजार जण एकदम मारतात, एकाचीही सही नसते.

मामा: मग ते ना कॅन्सल ना बोळा. ती गर्दी.

मला हे वाक्य आवडलं आणि मी ते लिहून घेतलं. पण ताईला ते सोपं वाटलं. तिचं म्हणणं, गर्दी नेहमीच चुकीची नसते. कित्येक बायकांची तक्रार सही करूनही ऐकली गेली नाही म्हणून त्या गर्दीत आल्या. हेही खरं आहे. तिनं ते सांगितलं तेव्हा मामांनी वाद घातला नाही. मात्र पुढचं बोलताना त्यांचा आवाज बदलला.

मामा: तू खालचं वाचू द्या म्हणतेस. वाचणारे कोण असतात ते मी पाहिलंय. सातबाऱ्यावर एखाद्याचं नाव फेरफारानं कमी झालं की नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या नमुन्यात कंस करून त्यावर आडवी रेघही मारतात. तुझी जाळीच ती. हिशोबाला उत्तम, मला मान्य आहे, त्यावाचून जमिनीचा इतिहास लागणार नाही. पण भावांनी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतली की बहिणीच्या नावाला कंस होतो. ती माहेरच्या गावाला कधी गेली आणि तलाठ्याकडे उतारा पाहिला, तर तिचं नाव तिला दिसतं, वाचता येतं आणि कंसात असतं. पुसलेलं असतं तर एकदाच दुखलं असतं.

ताई: पुसलेलं असतं तर ती कधी होती हेच कळलं नसतं. तिच्या मुलीला उद्या भांडायचं असेल तर पुरावा काय? तो कंसच.

मामा: असेल. बरं, दुसरं घे. एखाद्यावर आरोप झाला, खटला चालला, निर्दोष सुटला. त्याचं नाव शोधलं की पहिली बातमी अटकेची. सुटल्याची बातमी पाचव्या पानावर, नाहीतर आलीच नाही. त्याला तू काय देणार, रेघ?

ताई: त्यावर युरोपच्या न्यायालयानं १३ मे २०१४ ला निकाल दिलाय. स्पेनमधला एक माणूस. त्याच्या थकबाकीपोटी मालमत्तेच्या लिलावाच्या नोटिसा १९९८ मध्ये बार्सिलोनाच्या एका दैनिकात छापून आल्या होत्या. देणं कधीच मिटलं, पण गुगलवर नाव टाकलं की त्या नोटिसा हजर. न्यायालयानं काय ठरवलं माहीत आहे? वर्तमानपत्राचं पान राहील. ते कायदेशीरपणे छापलेलं आहे, त्याला हात नाही लावायचा. पण माणसाच्या नावानं शोध घेतला तर शोधयंत्रानं तिकडे नेऊ नये, अशी मागणी तो करू शकतो.

मामा: म्हणजे खोलीला कुलूप नाही, फक्त दारावरची पाटी काढली.

ताई: आपल्याकडेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती खोडून घेण्याचा हक्क आलाय, कलम १२. काही अटी आहेत.

मामा: मग तू मान्य करतेस तर, की माणसाला बोळ्याचाही हक्क हवा.

ताई: स्वतःच्या पाटीवर. दुसऱ्याच्या पाटीवर नाही. आणि राज्यकर्त्यांना तर मुळीच नाही. रोमच्या फोरममध्ये सेप्टिमियस सेवेरसची कमान आहे, २०३ सालची. त्यावर त्याच्या दोन्ही मुलांची नावं होती. बाप मेल्यावर थोरल्यानं, कॅराकॅलानं, धाकट्या गेटाला मारलं आणि साम्राज्यभर त्याचं नाव खरवडून काढायला लावलं. कमानीवरची ती ओळ काढून त्या जागी बापलेकांची स्तुती बसवली. पण जुनी धातूची अक्षरं बसवण्यासाठी पाडलेली भोकं राहिली, त्यांवरून आज खालचं नाव वाचतात. बर्लिनमध्ये या कुटुंबाचं रंगवलेलं एक गोल चित्र आहे. आई, बाप, एक मुलगा आणि एक खरवडलेला चेहरा. बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा कुठे जाते, सांगा.

मामा: खरवडलेल्यावर.

ताई: साध्या रेघेनं एवढं लक्ष वेधलं नसतं.

मामा: तो बोळा वाईट फिरवला म्हणून. हरताळ असता तर कळलंही नसतं.

ताई: तुम्ही हे गंमतीनं म्हणताय ना?

मामांनी उत्तर दिलं नाही. माझा अंदाज, अर्धं गंमतीनं. एरवी कागदाच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस, पण माणसांच्या बाबतीत विस्मरणाला जागा हवी असं त्यांना मनापासून वाटतं, आणि ते नोकरीतून आलेलं आहे. ताईचं उलट. तिच्यासमोर येणारे कागद फाटलेले, अर्धे, पुसट असतात. ज्या ओळीसाठी ती दिवस घालवते ती कुणीतरी केव्हातरी पुसलेली असते. मला विचाराल तर शब्दाच्या मुळाबद्दल ती जरा जास्तच भाबडी आहे. इंग्रजी बोलणाऱ्या कुणालाही ‘कॅन्सल’ म्हणताना जाळी दिसत नाही, आपल्याला ‘हरताळ फासणे’ म्हणताना पिवळा रंग दिसत नाही तसंच. पण त्या जाळीच्या निमित्तानं तिनं जो प्रश्न विचारला, तो माणसाबद्दलचा आहे, आणि त्यात ती बरोबर आहे असं मला वाटतं.

ताई: मामा, कोर्टानं खरेदीखत रद्द ठरवलं की तुमच्याकडे काय करायचे?

मामा: स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३, कलम ३१. दस्त नोंदवलेला असेल तर हुकूमनाम्याची प्रत आमच्याकडे येते. पान फाडायचं नाही, मूळ अक्षराला हात लावायचा नाही. पुस्तकातल्या नकलेवर नोंद करायची, हा दस्त रद्द झाला.

ताई: म्हणजे तुम्ही नोकरीभर जाळीच मारलीत.

मामा: मारली. म्हणूनच सांगतोय. कायदा म्हणतो रद्द झाल्याची नोंद करा, का झाला ते लिहा असं म्हणत नाही. धाक दाखवून सही घेतली होती, की विकणाऱ्यानं फसवलं होतं, की घेणाऱ्यानं, त्या ओळीत नाही. शोध घ्यायला आलेला माणूस ‘रद्द’ एवढं वाचतो आणि दोन्ही नावांकडे सारख्याच संशयानं बघतो.

ताई: कारण हुकूमनाम्यात असतं. तो मागवावा.

मामा: अर्ज, नकलेची फी, तारखा. कोण मागवतो?

ताई: मी मागवते.

मामा: तुला त्याचे पैसे मिळतात.

ताई: मग नोंदीतच कारण लिहायचा नियम करा.

मामा: आणि कारण चुकीचं लिहिलं गेलं तर?

ताई: तर त्यावर रेघ मारायची. खालचं वाचता येईल अशी.

मामा: आणि शेजारी सही कुणाची?